साथीला बसलेला लीड गिटारवाला

जानेवारी १९६८. मुंबईत फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ. आत सरोद आहे, संतूर आहे, बासऱ्या आहेत, सनई, तारशहनाई, पखवाज, तबलातरंग आहेत. गिटार वाजत नाही. आणि हा सगळा मेळा ज्याच्यासाठी जमला आहे तो माणूस म्हणजे बीटल्सचा लीड गिटारवादक जॉर्ज हॅरिसन.

‘वंडरवॉल’ नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्याच्याकडे आलं होतं. दिग्दर्शक ज्यो मॅसॉट. काम लंडनमध्ये सुरू झालं होतं, भारतीय वाद्यांचा भाग करायला तो मुंबईत आला. त्या वेळी तिथल्या स्टुडिओत स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र स्वतः आणलं, तेव्हा काम सुरू झालं. भिंतींतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. दोन ट्रॅकचं यंत्र म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. हॅरिसनला लंडनमध्ये एकावर एक थर चढवत, महिना महिना एकाच रेकॉर्डवर काम करायची सवय झालेली. मुंबईच्या वादकांना मात्र असंच काम ठाऊक होतं. सिनेमाच्या गाण्याची सिटिंग आली की नोटेशन बघायचं, दोन तालमी, टेक, आणि पुढच्या स्टुडिओकडे पळायचं.

या रेकॉर्डच्या निमित्ताने पुढे आलेली नावं वाचण्यासारखी आहेत. सरोदवर आशिष खान, पखवाज-तबल्यावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सतारीवर शंभू दास. ही मंडळी सगळ्यांना माहीत. त्यांच्या खाली तारशहनाईवाले विनायक व्होरा आहेत, बासरीवाले एस. आर. केंकरे आहेत, आणि हार्मोनियमपासून तबलातरंगापर्यंत सगळं वाजवणारे रिजराम देसाड आहेत. देसाडांचं नाव लक्षात ठेवा. सहा वर्षांनी ते याच गिटारवाल्याबरोबर अमेरिकेत जाणार आहेत.

हॅरिसनचं वय तेव्हा चोवीस. पण १९५८पासून तो बँडमध्ये वाजवत होता, ऑगस्ट १९६६ला बीटल्सनी दौरे बंद केले होते, आणि १९७०मध्ये बँडच मोडणार होता. वयाने पोरगा, कारकिर्दीने मध्यावर आलेला. या मधल्या सात-आठ वर्षांत त्याने जे केलं त्याबद्दल रॉकच्या इतिहासात तुटक तुटक लिहिलं जातं: इथे सतार वाजवली, तिथे मित्राच्या रेकॉर्डवर चार सूर टाकले, मदतीचा कार्यक्रम केला. मला हे सगळं एकाच धाग्यात दिसतं. हा माणूस त्या वर्षांत पाहुणा कसं व्हावं आणि पाहुणा कसा सांभाळावा हे शिकत होता.

असं मला दिसायचं कारण माझ्या प्रदेशात आहे. १९६८ साली लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. फोर्टातल्या त्या खोलीतलं काही त्या वेळी लातूर-नांदेडला पोचण्याचा संबंध नव्हता. पण पाहुण्या कलावंताचा सराव या भागाला इतका जुना आहे की त्याची चर्चाही कुणी करत नाही. अखंड हरिनाम सप्ताह घ्या. सात रात्री सात कीर्तनकार, बहुतेक परगावचे. मृदंगाचार्य, गायनाचार्य आणि टाळकरी गावातले किंवा पंचक्रोशीतले. कीर्तनकार गाडीतून उतरतो, हातपाय धुतो, फराळ करतो आणि उभा राहतो. तालीम नाही. त्याने अभंग उचलला की मृदंगवाल्याला दोन ओळींत कळावं लागतं की बुवांची लय कुठली, कुठे थांबतात, कुठे चाल बदलतात. बुवा मोठे असले तरी सुरुवातीची काही मिनिटं तेही मृदंगाचा हात जोखत असतात. लोकांच्या डोळ्यांना पुढे उभा असलेला दिसतो. कीर्तन रंगलं की नाही हे मात्र मागचे ठरवतात, आणि हे आमच्याकडच्या कुठल्याही टाळकऱ्याला सांगावं लागत नाही. रॉकच्या जगात लीड गिटारवाला पुढचा माणूस. त्याला हे शिकायला मुंबईत यावं लागलं.

अर्थात सुरुवात मुंबईच्याही आधीची आहे. १९६५च्या ‘नॉर्वेजियन वुड’ गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली ती जेमतेम सूर धरण्यापुरती. एप्रिल १९६६मध्ये ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलकडून तबलजी बोलावला गेला: अनिल भागवत. त्यांना फोनवर फक्त एवढंच कळलं होतं की संध्याकाळी कुणा जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. दारात रोल्स रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा काम कुणाचं आहे याचा उलगडा झाला. हॅरिसनने सोळा मात्रांचं काहीतरी हवं म्हणून सांगितलं आणि बाकी त्यांच्या मनावर सोडलं. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर भागवतांचं नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ला लंडनमधल्याच भारतीय वादकांनी साथ केली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. वेष्टनावर यांपैकी एकही नाव नाही. लोकांसमोर ही नावं यायला दशकं गेली. त्या प्रसिद्ध मुखपृष्ठावर मेणाच्या पुतळ्यांपासून योगी-बाबांपर्यंत कितीतरी चेहरे आहेत, आणि आत दिलरुबा वाजवणाऱ्या माणसासाठी एक ओळ नव्हती. सौजन्य होतं, पण सवय झालेली नव्हती.

मधल्या काळात, सप्टेंबर १९६६मध्ये, तो रवी शंकरांकडे शिकायला मुंबईला येऊन गेला. ताजमहाल हॉटेलात सॅम वेल्स या नावाने उतरला, ओळखू नये म्हणून मिशा वाढवल्या, आणि लिफ्टवाल्याने ओळखलंच. हॉटेलबाहेर गर्दी, मग पत्रकार परिषद, मग काश्मीर. त्या सहा आठवड्यांत शंभू दास त्याचा रियाज करून घेत. शिष्य म्हणून जमिनीवर बसणं, पायाला मुंग्या येणं, तासन् तास सा-रे-ग-म: जगभर नाव झालेल्या माणसाला कुणी तरी ‘पुन्हा’ म्हणणारं त्याला इथे भेटलं.

१९६८च्या त्या आठवड्यात चित्रपटाचं काम झाल्यावर थोडा वेळ उरला, आणि हॅरिसनने याच वादकांकडून आणखी एक धून वाजवून घेतली. लंडनला परतल्यावर त्यावर गायन चढवलं, आणि ‘द इनर लाइट’ हे गाणं मार्च १९६८मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. शब्द ताओ ते चिंगवर आधारलेले. युरोपाबाहेरच्या स्टुडिओत झालेलं बीटल्सचं हे एकमेव ध्वनिमुद्रण. त्यात बँडमधला कुणीही कुठलंही वाद्य वाजवत नाही. हॅरिसन गातो, शेवटी लेनन-मॅकार्टनी सूर मिळवतात, बाकी सगळं मुंबईचं. म्हणजे रेकॉर्डवर नाव ज्यांचं तेच पाहुणे, आणि यजमान आशिष खान, हरिप्रसाद, देसाड. सरोदाची सुरुवात ऐका. रबाबाच्या वंशातलं हे वाद्य. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवत फिरलेल्या भाई मर्दानांचं नाव नांदेडला नवं नाही. त्या सरोदामागे पखवाज असा चालतो की गाणारा कुठे श्वास घेणार हे जणू त्याला आधीच माहीत आहे. प्रत्यक्षात गाणं महिन्याभराने गायलं गेलं.

आणि मग त्याने सतार सोडली. कारण सरळ होतं. चांगला सतारिया व्हायला लागणारी वर्षं आपल्याकडे नाहीत हे त्याला कळलं. तेवीस वर्षांचा होऊन सुरुवात करणाऱ्याने तो हिशेब मांडायलाच हवा होता. तुझी मुळं कुठली, असं रवी शंकरांनीही त्याला विचारलं होतं. तो गिटारकडे परतला. पण परतलेला माणूस वेगळा होता.

सप्टेंबर १९६८. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या त्याच्या गाण्यात बँडमधल्या इतरांचं लक्ष नव्हतं. हॅरिसनने एरिक क्लॅप्टनला सांगितलं, तू वाजव. क्लॅप्टन बिचकला, बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचा गिटारवाला कसा चालेल? गाणं माझं आहे, एवढंच उत्तर. विचार करा: लीड गिटार हे ज्याचं बँडमधलं काम, तो स्वतःच्या गाण्यातला लीडचा तुकडा मित्राला देतो आणि स्वतः रिदम धरतो. परका माणूस खोलीत आला म्हणताच बाकीचे तिघेही सावरून बसले. जानेवारी १९६९मध्ये भांडणं विकोपाला जाऊन हॅरिसन स्वतः निघून गेला आणि काही दिवसांनी परतला, तेव्हा त्याने हाच उपाय पुन्हा केला. या वेळी कीबोर्डवादक बिली प्रेस्टनला बोलावलं. घरात पाहुणा असला की भावंडं आवाज चढवत नाहीत. ‘गेट बॅक’च्या रेकॉर्डवर बीटल्सबरोबर प्रेस्टनचं नाव छापलं गेलं. अण्णा जोशींच्या बाबतीत राहून गेलेलं इथे जमलं.

परतफेड म्हणून क्लॅप्टनच्या क्रीम या बँडसाठी ‘बॅज’ हे गाणं दोघांनी मिळून लिहिलं. कंपन्यांचे करार आड येत असल्याने हॅरिसनचं नाव ‘लँजेलो मिस्तेरिओसो’ असं छापलं गेलं. ही टोपणनावांची मालिका पुढे बरीच लांबली. १९७३-७५च्या सुमारास आल्विन ली, स्प्लिंटर, बिली प्रेस्टन यांच्या रेकॉर्डवर ‘हरी जॉर्जसन’ नावाचे एक गिटारवादक दिसतात. एके ठिकाणी ‘जय राज हरिसेन’ही आहेत. लिव्हरपूलच्या बस ड्रायव्हरचा मुलगा, आणि नाव असं की सप्ताहाच्या पत्रिकेत सहज खपावं.

त्या वर्षांतला कळीचा महिना मात्र डिसेंबर १९६९. डिलेनी अँड बॉनी हे अमेरिकन दांपत्य आपला जथा घेऊन इंग्लंडमध्ये आलं होतं. क्लॅप्टन त्यांच्यात सामील होता. १ डिसेंबरला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये हॅरिसन त्यांना ऐकायला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांची बस त्याच्या दारात उभी, आणि त्या रात्री ब्रिस्टलला तो त्यांच्याबरोबर मंचावर. तीन वर्षांहून अधिक काळाने तो तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर वाजवत होता. नावाची घोषणा नाही, दिव्याचा झोत नाही. मागे, अँपजवळ उभा. याच दौऱ्यात डिलेनी ब्रॅम्लेटने त्याच्या हातात काचेची नळी दिली. एका गाण्यात डेव्ह मेसनने स्लाइडवर वाजवलेला तुकडा आता मेसन नसताना कुणी तरी वाजवायला हवा होता. हॅरिसनने स्लाइड गांभीर्याने धरली ती अशी, दुसऱ्याची रिकामी जागा भरायला.

इथे थोडं थांबायला हवं. गिटारला पडदे असतात, म्हणजे सूर पायरीपायरीने येतात. सतारीलाही पडदे आहेत, पण तार बाजूला ओढून एकाच पडद्यावर चार-पाच सुरांची मींड घेता येते. गिटारवर तार ओढली तर फार तर दीड-दोन सूर. काचेची किंवा धातूची नळी तारेवरून सरकवली की पडद्यांचा अडसर उरत नाही. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं, मधली प्रत्येक श्रुती हाताशी येते. आपल्याकडे ही वाट हवाइयन गिटारमुळे आधीच मळलेली होती. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी सिनेमाची गाणी या गिटारवर घरोघर नेली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवला. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त त्यांच्या बरोबर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया आहेत, म्हणजे पुढच्या जानेवारीत हॅरिसनच्या समोर बसलेलीच जोडी. काब्रा जिथे सरोदियांच्या शिस्तीतून पोचले, तिथे हॅरिसन अमेरिकन ब्लूजच्या दारातून आला, पण कानात दोन-तीन वर्षांच्या सतारीची मींड घेऊन. म्हणून त्याची स्लाइड इतर ब्लूजवाल्यांसारखी रडत-ओरडत नाही. गायकासारखी सुरावर येते, ठरते, मग पुढे सरकते. १९७०च्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये हे पहिल्यांदा जगाने ऐकलं. सतार सोडून दिल्यावर त्याला मींड सापडली.

पुढची तीन वर्षं हा आवाज दुसऱ्यांच्या गाण्यांत सापडतो. १९७१च्या लेननच्या ‘इमॅजिन’मध्ये ‘हाउ डू यू स्लीप’ या, मॅकार्टनीला झोडपणाऱ्या गाण्यातली स्लाइड हॅरिसनची. गाणं कडवट, आणि वाजवणं इतकं देखणं की कुणाची बाजू घ्यावी कळेनासं होतं. रिंगोच्या ‘इट डोन्ट कम ईझी’चा निर्माता आणि गिटारवाला तोच. हॅरी निल्सनकडे वाजवलं, गॅरी राइटकडे वाजवलं, चीच अँड चाँग या विनोदी जोडीच्या ‘बास्केटबॉल जोन्स’ या थट्टेच्या गाण्यातसुद्धा वाजवलं. नाव मोठं म्हणून काम निवडून करावं, हा शहाणपणा त्याने दाखवला नाही, आणि ते बरं झालं.

१ ऑगस्ट १९७१चा बांगलादेशासाठीचा कार्यक्रम सर्वांना माहीत आहे: न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एका दिवसात दोन प्रयोग, मिळून सुमारे ४०,००० लोक, तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला. मदतीपेक्षा मांडणीबद्दल इथे बोलायचं आहे. सुरुवात रवी शंकर, अली अकबर खान, अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी केली. वाद्यं जुळवून होताच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, असं रवी शंकर शांतपणे म्हणाले. हशा पिकला, पण त्यात यजमानाची एक अडचण दिसते. बोलावणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, समोरचे लोक हॅरिसन आणि त्याच्या रॉकमधल्या मित्रांसाठी आले होते.

तीन वर्षांनी ती अडचण पुरती उघडी पडली. सप्टेंबर १९७४मध्ये हॅरिसनने ‘म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया’ हा संच लंडनला आणला: रवी शंकर, लक्ष्मी शंकर, अल्लारखा, हरिप्रसाद, शिवकुमार, सारंगीवर सुलतान खान, व्हायोलिनवर एल. सुब्रह्मण्यम आणि सत्यदेव पवार, आणि पखवाजापासून नगाऱ्यापर्यंत हाताशी येईल ते वाजवणारे रिजराम देसाड. नोव्हेंबरपासून ही मंडळी हॅरिसनच्या रॉक संचाबरोबर अमेरिका-कॅनडात फिरली. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हर, २० डिसेंबरला पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोन्हीकडचे वादक एकत्र वाजवत असेही भाग होते. हॅरिसनचा घसा आधीच बसला होता. लोकांना बीटल्सची गाणी हवी होती. त्याने ती मोजकीच गायली आणि शब्द बदलून गायली. समीक्षकांनी दौरा फाडून खाल्ला. शिकागोत रवी शंकर आजारी पडून रुग्णालयात गेले. मग लक्ष्मी शंकर यांनी भारतीय संचाची सूत्रं सांभाळली.

या दौऱ्याला फसलेला म्हणण्याची रीत आहे. माझं मत वेगळं आहे, पण समीक्षकांना पूर्ण खोटं ठरवावं असंही नाही. स्टुडिओत हॅरिसनला पाहुणा आणि यजमान दोन्ही होता येत होतं, कारण तिथे श्रोता नसतो. हजारोंच्या क्रीडागृहात, तिकीट काढून आलेल्या माणसाला सुलतान खानांची सारंगी ऐकवायची तर आधी त्याला बसवावं लागतं, गप्प करावं लागतं. कीर्तनात हे काम चोपदार करतो, विणेकरी करतो, आणि मुख्य म्हणजे ते आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. अमेरिकेत ते कुणीच केलं नाही. हॅरिसन वैतागून श्रोत्यांना मंचावरूनच उपदेश करी, त्याने उलट झालं. वादकांच्या बाजूने पाहिलं तर मात्र हिशेब निराळा. फोर्टातल्या सिटिंगला बोलावलेला देसाडांसारखा वादक या वेळी पडद्यामागचा उरला नव्हता. तो मंचावर होता, आणि त्याचं नाव संचाच्या यादीत होतं.

आमच्याकडे गिटार आली ती मुख्यतः ऑर्केस्ट्रातून. गणपती, नवरात्र, चौदा एप्रिलची जयंती, लग्नसराई: सीझनमध्ये एकच लीडवाला आज नांदेडच्या संचात, उद्या उदगीरला दुसऱ्याच्या संचात. कुठल्या गायिकेला कुठली पट्टी, कोण अंतऱ्याला घाई करतो, हे त्याच्या डोक्यात. आता बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक आणि ऑक्टोपॅड एवढ्यावर भागतं, आणि पहिला गळतो तो गिटारवाला. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही. चुकला तर सावरून घेत नाही. दुसरीकडे लातूरच्या शिकवणीवर्गांच्या वसतिगृहांत आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात गिटार पुन्हा दिसते. तिथल्या समूहगायनाच्या नियमात सहा गायक आणि तीन साथीदार असतात. त्या तिघांत जागा मिळवणारा मुलगा यूट्यूबवर सोलो शिकून आलेला असतो, आणि महोत्सवात त्याला सहा गळ्यांच्या मागे कॉर्ड धरून राहायचं असतं. सोलोची जागा आलीच तर चार मात्रांची.

अशा मुलाला हॅरिसन ऐकायचा असेल तर बीटल्सच्या गाजलेल्या गाण्यांपासून सुरुवात करू नये. आधी ‘द इनर लाइट’, वाद्यांकडे लक्ष देऊन. मग ‘बॅज’. मग ‘माय स्वीट लॉर्ड’ची सुरुवातीची स्लाइड, आणि लगेच ‘कॉल ऑफ द व्हॅली’तली काब्रांची गिटार. शेवटी बॅडफिंगर या बँडचं १९७१चं ‘डे आफ्टर डे’. निर्माता हॅरिसन. गाणं पीट हॅमचं, गायलाही तोच. मधल्या तुकड्यात एकाच सुरावटीवर दोन स्लाइड गिटारी जोडीने चालतात. त्यातली एक हॅमच्या हातात आहे, दुसरी हॅरिसनच्या.